फोटोखाली करणाऱ्याचं नाव छापा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर तुम्ही एक फोटो छापला होता, ब्रोकोलीचे तुरे झाडांसारखे उभे केलेत आणि त्यांच्या सावलीत बोटाच्या पेराएवढी माणसं बसलीयेत, वर मथळा 'कल्पकतेला सलाम' आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'छाया : इंटरनेट'. फोटो छापलात त्याचा खूप आनंद झाला, खरंच, कारण असलं काही आपल्या मराठी पेपरात फारसं येतच नाही. पण ते 'छाया : इंटरनेट' वाचून हळहळ वाटली आणि त्यावरच हे पत्र लिहितेय, जरा लांबलंय, जमलं तर पूर्ण छापा.

तो फोटो ज्यांचा आहे त्यांचं नाव तात्सुया तानाका. जपानचे आहेत. २०११ च्या एप्रिलपासून ते रोज असा एक फोटो करतात, रोज म्हणजे रोज, सुट्टी नाही सणवार नाही, आणि या सगळ्याला त्यांनी मिनिएचर कॅलेंडर असं नाव दिलंय. स्टेपलरच्या पिना उभ्या केल्या की उंच बिल्डिंगांचं शहर, पाव रुळावर ठेवला की बुलेट ट्रेन. आणि त्या पावात एक गंमत आहे. जपानीत पावाला 'पान' म्हणतात आणि त्यांच्या बुलेट ट्रेनला शिनकानसेन, म्हणून त्यांनी त्या पावाच्या गाडीला 'शिनपानसेन' केलं. आता हा जपानी 'पान' आणि आपला 'पाव' दोन्ही शब्द पोर्तुगीजांनीच नेऊन ठेवलेले, म्हणजे वडापावातला पाव आणि ती खेळण्यातली गाडी लांबची भावंडंच झाली की! हे मी आठवीच्या वर्गात सांगितलं तर पोरं दुसऱ्या दिवशी घरून बटर, खारी, टोस्ट असं काय काय घेऊन आली आणि बाकावर स्टेशन उभं राहिलं. हे सगळं कशामुळे, तर मला नाव माहीत होतं म्हणून. नाव टाकलं की त्या माणसाचे हजारो फोटो समोर येतात, एकेक तारखेवार लावलेले. 'इंटरनेट' या नावाने शोधून काय सापडणार?

मी कराडजवळच्या एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते, एकोणीस वर्षं झाली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं बसवते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हे सगळं हाताला वळण लावायला चांगलंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चित्र काढा म्हटलं की अजूनही दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि झोपडी, आणि कला म्हणजे पूर्वीच्या थोर लोकांनी करून ठेवलेली गोष्ट असं पोरांना वाटतं. आज, आत्ता, कुणीतरी जिवंत माणूस कुठेतरी पुठ्ठा कापून, मोटार जोडून, काहीतरी वेडं आणि भारी करत बसलाय हे त्यांना माहीतच नसतं. प्रदर्शन बघायचं तर पुणं गाठायचं, निम्मा दिवस जाण्यात जातो, बसचे पैसे, पालकांची परवानगी, सगळं आलं. त्यामुळे आमच्याकडे गॅलरी म्हणजे मोबाइल. तीच खरी गॅलरी आहे हे मान्य करून मी बोलतेय, आणि त्या गॅलरीत भिंतीवर पाट्याच लावलेल्या नाहीत ही माझी अडचण आहे.

एक उदाहरण सांगते. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला, समुद्राच्या वाळूत एक भलामोठा पिवळट सांगाडा, त्याला ढीगभर पाय, आणि तो वाऱ्यावर चक्क चालतोय. खाली लिहिलेलं, 'जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी बनवलेला रोबो, जरूर बघा.' नाव नाही, गाव नाही. मला राहवेना. तीन संध्याकाळी घालवल्या, व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढला, वरचे कुणाकुणाचे लोगो कापून टाकले, गुगल लेन्सला दिला, आधी भलतंच निघालं, मग एकदाचं सापडलं. तो रोबो नाही आणि जर्मनीचाही नाही. ते आहेत थिओ यान्सन, नेदरलँड्सचे, समुद्राकाठच्या शेवेनिंगेनमध्ये १९४८ साली जन्मलेले. डेल्फ्टला फिजिक्स शिकायला गेले आणि डिग्री न घेताच चित्रकलेकडे वळले. आणि संपादक साहेब, हे तुम्हाला मुद्दाम सांगते, हा सांगाडा, ज्याला ते प्राणीच म्हणतात, पहिल्यांदा जन्मला तो वर्तमानपत्रात! यान्सन तिकडच्या 'फोल्क्सक्रांट' पेपरात सदर लिहायचे आणि १९९० साली त्यांनी लिहिलं की समुद्राची पातळी वाढली तर आपला सखल देश पाण्याखाली जाईल, मग किनाऱ्यावर आपोआप फिरणारे सांगाडे सोडावेत, ते वाळू उकरतील, वारा ती वाळू उडवून टेकड्यांवर नेईल आणि टेकड्या उंच होतील. लेख छापून आला, नंतर त्यांनी वायरिंगचे प्लॅस्टिक पाइप विकत आणले आणि ठरवलं की एक वर्ष या कामाला द्यायचं. त्या एका वर्षाची तीस वर्षांच्या वर झाली.

पायाची गोष्ट तर मी कितीदा सांगितली तरी मला कंटाळा येत नाही. पाय उचलला, पुढे टाकला, पण धड वरखाली झालं नाही पाहिजे, नाहीतर वाळूत ताकद वाया जाते. त्यासाठी पायातल्या कांड्यांची लांबी किती ठेवायची हे त्यांनी अटारी कॉम्प्युटरवर काढलं, कॉम्प्युटरने खूप सारे पाय बनवायचे, त्यातले बरे चालणारे ठेवायचे, त्यांच्यापासून पुढची पिढी, पुन्हा निवड, असं करत करत अकरा आकडे हाती आले. त्यांना ते पवित्र आकडे म्हणतात. आणि ते आकडे त्यांनी लपवून ठेवले नाहीत, सगळ्यांना देऊन टाकलेत. मोटार नाही, बॅटरी नाही, वारा पडला तर उपयोगी यावी म्हणून कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत हवा भरून ठेवायची. एका प्राण्याला तर वाळूवर फरफटत जाणारी नळी आहे, ती हवा ओढत असते, हवेऐवजी पाणी ओढलं गेलं की प्राण्याला कळतं समुद्र आला आणि तो मागे फिरतो. प्लॅस्टिकच्या नळीला समुद्र कळतो! माझ्या अंगावर अजून काटा येतो.

तर नाव सापडलं म्हणून आकडे सापडले, आणि आकडे सापडले म्हणून नववीच्या दोन मुलांनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि ड्रॉइंग पिना घेऊन तो पाय करायला घेतला. पहिला पाय चालेचना, गुडघा उलटा जायचा, चार दिवस डोकं लावल्यावर लक्षात आलं की ४१.५ च्या जागी पट्टी ४५.१ कापली होती. नवीन पट्टी लावली आणि पाय चालला. त्या दिवशी ड्रॉइंग हॉलमध्ये जो आरडाओरडा झाला त्याने शेजारच्या वर्गावरचे सर बघायला आले. यातला एक मुलगा गणितात कायम कच्चा म्हणून बोलणी खाणारा आहे, दशांश चिन्हाशी त्याची ओळख त्या पायानेच झाली.

एक नाव सापडलं की त्याला धरून दुसरं सापडतं, हा माझा अनुभव. यान्सनवरून मी चालत्या-हलत्या लाकडी खेळण्यांकडे गेले, ज्यांना ऑटोमॅटा म्हणतात, तिथून इंग्लंडच्या कॅबरे मेकॅनिकल थिएटरकडे. १९७९ साली फालमथ नावाच्या गावात सू जॅक्सन नावाच्या बाईंनी एक साधं हस्तकलेचं दुकान काढलं होतं त्यातून ते वाढलं, हँडल फिरवायचं आणि आतले दांडे-चाकं फिरून वरची पुतळी काहीतरी करते. वुडन मिररकडे असंच जाता आलं, डॅनियल रोझिन यांनी १९९९ ला केलेला, लाकडाचे ८३० तुकडे, प्रत्येकाला मागून छोटी मोटार आणि मधे कॅमेरा, समोर उभं राहिलं की तुकडे कमीजास्त कलतात आणि उजेड-सावलीतून तुमचा चेहरा लाकडात उमटतो. मुलींना हा सगळ्यात आवडतो.

आणि कॅटेरिना काम्प्रानी. ग्रीसच्या, अथेन्सच्या आर्किटेक्ट आहेत, साधारण २०११ पासून त्या मुद्दाम गैरसोयीच्या वस्तू डिझाइन करतात. झाडाला पाणी घालायची झारी, पण तोटी वळून परत झारीतच. काटाचमचा, पण दांड्याच्या जागी साखळी. पावसाळी गमबूट, पण पुढून बोटं उघडी. पहिल्यांदा बघून हसायला येतं आणि नंतर आपण घरातली प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघायला लागतो की ही अशीच का आहे बुवा. मी सातवीला हाच गृहपाठ दिला, आईच्या स्वयंपाकघरातली एक वस्तू अशी बिघडवा की दिसायला छान पण वापरता येणार नाही. काय एकेक आलं! कडेला जिना असलेलं पोळपाट, चौकोनी लाटणं, भोकं मोठी झालेली चहाची गाळणी, दोन्ही टोकांना मूठ असलेली विळी (ती मी नुसती कागदावर ठेवायला लावली). एका मुलीने तांब्या काढला, त्याचा गळा इतका बारीक की बोटंच धरू शकत नाहीत आणि बूड इतकं गोल की ठेवला की लवंडतो. मग मी त्यांना सांगितलं की चार्ल्स आणि रे ईम्स नावाचं अमेरिकन डिझायनर जोडपं आपल्या देशात आलं होतं, त्यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला अहवाल दिला, ज्याच्या पाठोपाठ १९६१ ला अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन शिकवणारी राष्ट्रीय संस्था निघाली, आणि त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं ते लोट्याचं, म्हणजे आपल्या तांब्याचं. किती पाणी मावतं, भरल्यावर तोल कसा राहतो, डोक्यावर कमरेवर कसा बसतो, हाताला कसा लागतो, किती किती बाजूंनी त्यांनी विचार मांडलाय. ती मुलगी घरी जाऊन आजीचा तांब्या घेऊन आली. वस्तुचित्राला तांब्या आम्ही वर्षानुवर्षं ठेवतो, पण त्या दिवशी पोरांनी तो जसा काढला तसा मी आधी बघितला नव्हता.

आता भाषेचं सांगते, कारण मूळ दुखणं तिथेच आहे. हे सगळं इंग्रजीत शोधावं लागतं. मराठीत 'कल्पक कला', 'हटके आर्ट' असं टाकून बघा, त्याच त्या आइस्क्रीमच्या काड्यांच्या झोपड्या आणि टाकाऊतून टिकाऊ. असल्या चालत्या-हलत्या कलेला इंग्रजीत 'कायनेटिक' म्हणतात, माझ्या मुलांना तो शब्द माहीत नाही, स्पेलिंग तर दूरच, मग ती त्या दारापर्यंत पोचणार कशी? आणि मराठीत असलं की ती बरोबर पोचतात, याचा पुरावा म्हणजे अरविंद गुप्तांची खेळणी. आयआयटी कानपूरला शिकलेला माणूस, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यापासून त्रिकोण-चौकोन बनवायला शिकवतो, पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं काम केलं, २०१८ ला पद्मश्री मिळाली, आणि सगळी खेळणी, पुस्तकं, व्हिडिओ वेबसाइटवर फुकट ठेवली, मराठीतसुद्धा. माझी मुलं ते व्हिडिओ मला न विचारता शोधतात, बघतात, बनवून आणतात. स्ट्रॉची पिपाणी तर आमच्या शाळेत साथीसारखी पसरली होती.

आणि सगळं परदेशातलंच आहे असंही नाही. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात सुदर्शन शेट्टींची पंख लावलेली डबलडेकर बस आहे, ती मी मुलांना फोटोत दाखवली तर पहिला प्रश्न आला, 'बाई, कंडक्टर कुठं बसतो?' शिल्पा गुप्ता मुंबईच्याच, त्यांनी साबणाच्या वड्यांची विटांसारखी रास रचली, प्रत्येक वडीवर इंग्रजीत 'धोका' असा शब्द कोरलेला, आणि बघायला येणाऱ्याने एक वडी घरी न्यायची, म्हणजे हात धुता धुता धोका विरघळून जातो. पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते बघा, सुपारी कातरायची एवढंच काम, पण कुणी त्याचा पोपट केला कुणी घोडा. घडवणाऱ्याने मजा घेतलीय ते शंभर वर्षांनीही दिसतं. पण त्या अडकित्त्याखाली घडवणाऱ्याचं नाव मिळणार नाही, ते कुणी लिहूनच ठेवलं नाही.

आणि आपण आजही तेच करतोय. गणपतीत आपल्या भागात हलते देखावे होतात, तुमचा पेपर त्यांचे फोटो दरवर्षी छापतो. मंडळाचं नाव येतं, अध्यक्षांचं येतं, उद्घाटकांचं येतं. पण वायपरची मोटार आणि सायकलची चेन वापरून तो राक्षस उठवून बसवणारा, डोळे फिरवणारा, त्या माणसाचं नाव मी कधी वाचलं नाही. आमच्या इथे असे एक काका आहेत, गॅरेज आहे त्यांचं, ऑगस्ट आला की गॅरेज अर्धं बंद आणि मागे देखाव्याचं काम सुरू. मी त्यांना फालमथच्या त्या खेळण्यांचा व्हिडिओ दाखवला तर त्यांनी तो तीनदा बघितला आणि म्हणाले, 'हे कॅम (म्हणजे दांड्याला वरखाली करणारी वेडीवाकडी चाकं) आपण पण असेच घासतो.' जगात आपल्या जातकुळीची माणसं आहेत हे त्यांना साठाव्या वर्षी कळलं. आणि त्यांचं काम जगातल्या कुणाला शोधायचं असेल तर? काही नाहीच. एक ओळ कुठे छापलेली नाही.

आता तर अजून एक भर पडलीय. फेसबुकवर रोज येतं, 'या गरीब मुलाने प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून विमान बनवलं, पण कुणी लाइक केलं नाही', फोटो बघावा तर मुलाच्या हाताला सहा बोटं. एआयने बनवलेलं चित्र, मुलगाच नाही आणि विमानही नाही. मोठी माणसं हळवी होऊन पुढे पाठवतात, आणि मग उद्या खऱ्या यान्सनचा व्हिडिओ दाखवला की तीच पोरं म्हणतात, 'बाई हे पण एआय असणार.' मला याचं फार वाईट वाटतं. खरा माणूस तीस वर्षं वाळूत राबला आणि त्याच्यावरच विश्वास बसेना झाला. मी पोरांना एवढंच विचारायला शिकवलंय, करणारा कोण, कुठला, कधी केलं, आणि करतानाचे, फसल्याचे फोटो आहेत का. पेपरने फोटो छापताना हीच चौकशी आमच्या आधी केली तर हजारो घरांचं काम होईल.

शिवाय ऑनलाइन गोष्टी कायम राहत नाहीत. फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणारे कितीतरी सुंदर छोटे खेळ-चित्रांचे प्रयोग मी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये दाखवायचे, ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅश बंद केलं आणि पुढच्या जानेवारीत क्लिक केलं तर काहीच नाही. इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या ऑनलाइन गोष्टी जपणाऱ्या संस्थेने त्यातले बरेच वाचवून परत चालू केलेत, पण तिथे शोधायलाही नाव लागतंच, ज्यांची नावं वहीत लिहिली होती तेवढीच मला परत मिळाली. याउलट राफाएल रोझेंडाल नावाचे कलाकार आहेत, ते वेबसाइट हीच कलाकृती म्हणून करतात आणि विकतातसुद्धा, विकत घेणाऱ्याला त्या साइटचं नाव मालकीचं मिळतं पण करारात अट अशी की साइट सगळ्यांना फुकट उघडी ठेवायची. कागदावर लिहून ठेवलं की किती फरक पडतो बघा.

तर माझं मागणं असं आहे. एक, फोटोखाली 'छाया : इंटरनेट' किंवा 'सौजन्य : सोशल मीडिया' लिहिणं बंद करा, करणाऱ्याचं नाव शोधून छापा, सापडलं नाही तर तो फोटो त्या दिवशी राहू द्या. दुसरं, रविवारच्या पुरवणीत शब्दकोड्याएवढी एक चौकट द्या. त्यात दर आठवड्याला एकच काम, त्याचा फोटो रीतसर परवानगी घेऊन, कलाकाराचं नाव देवनागरीत आणि शोधायला लागतं म्हणून त्यांच्या लिपीतलं स्पेलिंग, गाव, साल, कशाचं बनवलंय, कसं चालतं, आणि घरी मुलांना करता येईल असं काही त्यात असेल तर ते. महिन्यातून एकदा तरी आपल्याच जिल्ह्यातलं कुणी असावं, देखावेवाले, सावंतवाडीचे लाकडी खेळणीवाले, जुने पाट्या रंगवणारे पेंटर. पानभर राशिभविष्य आम्ही वाचतोच, त्यातला एक तळहाताएवढा तुकडा यासाठी निघू शकेल.

लिहायला माणूस नाही असं होऊ नये म्हणून पहिल्या आठ आठवड्यांचा मजकूर मी याच पत्राबरोबर जोडतेय, मानधन नको. पहिलं तानाकांचं आहे, म्हणजे मागच्या रविवारची दुरुस्तीही त्यातच होईल. पाचवं आमच्या गॅरेजवाल्या काकांचं, त्यांना विचारलंय, ते हो म्हणालेत, फक्त फोटो काढायला तुमचा माणूस ऑगस्टमध्ये पाठवा, तेव्हा मागच्या शेडमध्ये सांगाडा कपड्याशिवाय उभा असतो आणि सगळी चाकं दिसतात.

आपली,
एक चित्रकला शिक्षिका,
ता. कराड, जि. सातारा